नेट्टाच्या मुठीतलं बटण

मी बोलतेय. वर बघू नका, मी खाली आहे, तिसऱ्या खणात, गुंडाळलेल्या वायरी आणि मालक हरवलेल्या चाव्यांच्या गर्दीत. ग्लासगो शहरातल्या दातांच्या इस्पितळातला खण आहे हा. तो पुरता उघडत नाही, मधेच अडतो. कोणाला काही हवं असलं की तो चार बोटं आत घालून चाचपतो, त्याच्या हाताला मी लागते, "हे नव्हे" म्हणतो आणि मला मागे ढकलतो. आज तुम्ही कान दिलाच आहे, तर सगळं सांगूनच टाकते.

मी एक बटण आहे. मुठीत मावेल असा पांढरा प्लास्टिकचा दांडा, त्याच्या टोकाला निळी टोपी आणि मागे उंदराच्या शेपटीसारखी लांब वायर. पण जन्माने मी बटण नव्हते, बेल होते. वॉर्डात पेशंटच्या उशीला अडकवलेली असते ना, नर्सला बोलवायची, तीच. बेल म्हटलं की ती आणि बटण म्हटलं की ते. तशी मी आता 'ते' झाले आहे, पण जित्याची खोड, मी स्वतःला 'ती'च म्हणते.

माझी पहिली वर्षं बायकांच्या वॉर्डात गेली. नवी होते तेव्हा केवढा तोरा होता मला! म्हटलं, आपल्याला दाबलं की नर्स धावत येणार, म्हणजे वॉर्डाची राणी आपणच. कसली राणी न् कसलं काय. या शहरातली माणसं बेल दाबतच नाहीत. एका म्हातारीचा पाण्याचा पेला हातापासून वीतभर लांब राहिला होता. दुपारभर ती ओठ चाटत त्याच्याकडे बघत पडली, आणि मी तिच्या कानाशी. शेजारची म्हणाली, "अगं दाब की बेल!" तर म्हातारी म्हणते, "कशाला त्या पोरींना त्रास? त्यांना काय आपण एकट्याच आहोत का?"

जी दाबायची तिला नाव पडायचं. नर्सा आपसांत म्हणायच्या, "जा, घंटाबाईने बोलावलंय." ते इतर बायकांच्या कानावर जायचं, आणि मग घंटाबाई व्हायला कोण तयार होणार? माझ्या पोटात हाक भरलेली असायची, पण दुसऱ्याच्या अंगठ्याशिवाय ती बाहेर पडायची नाही. ही माझी कोंडी तेव्हापासूनची आहे.

मग वॉर्डाला नव्या बेला आल्या आणि मला वर्कशॉपमध्ये पाठवलं. तिथे डगी नावाचा एक तंत्रज्ञ होता, तोंडात सदा बिस्किट. त्याने माझी वायर कापली तेव्हा मला वाटलं, भरले आपले दिवस. पण त्याने ती एका पंपाला जोडली. त्या पंपात दुधासारखं पांढरं औषध भरलेली मोठी सिरिंज बसवायची आणि तिची नळी पेशंटच्या शिरेत सोडायची. पेशंटने मला दाबलं की औषधाचा एक घोट आत जायचा. माणसाला झोप लागायची नाही, नुसती गुंगी यायची, आणि भीतीचे दात बोथट व्हायचे. तो घोट पुरता आत जाईपर्यंत कितीही दाबा, पंप ढिम्म. आणि गुंगी जास्त झाली की अंगठा आपोआप सैल पडायचा, म्हणजे औषध आपोआप बंद. म्हणून एकच नियम होता. मला दाबायचं ते पेशंटनेच. नर्सने नाही, डॉक्टरने नाही, आईबापाने नाही.

हे काम मला आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं. दाढ काढायला, हिरडी कापायला येणारी माणसं माझ्यावर तुटून पडायची. एक बस ड्रायव्हर तर मला ब्रेकसारखा करकचून दाबायचा आणि "अजून एक स्टॉप घेतो" म्हणायचा. एक शाळामास्तरीण होती, ती दाबायच्या आधी दुसरा हात वर करून परवानगी मागायची. डॉक्टर लेनक्स म्हणजे इथल्या भूलतज्ज्ञ बाई. त्या हसून म्हणायच्या, "बाई, वर्ग तुमचाच आहे, मला काय विचारता?"

तर अशी सुखात होते. मग नेट्टा मगार्वी आली.

पहिल्यांदा ती आली तेव्हा नवरा सोबत होता. ह्यूई त्याचं नाव. गोदीत जहाजं ठोकून ठोकून कान गेलेले, त्यामुळे बोलणं सगळं ओरडून. मी टेबलावर होते, सगळं ऐकत होते. नेट्टाच्या तोंडात वरखाली कवळी, स्वतःचा दात औषधालाही नाही. पण खालच्या जबड्यात एक अक्कलदाढ आडवी होऊन कधीची दडून बसली होती. कवळी घासून घासून ती आता डोकं वर काढत होती.

"ऐका डॉक्टर," ह्यूई ओरडला, "सगळी बत्तिशी गेली आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी बाईसाहेबांना अक्कलदाढ फुटतेय! एवढ्या उशिरा अक्कल येतेय तर काढता कशाला? राहू द्या की."

"तुला अजून आलीच नाही, म्हणून पोटात दुखतंय तुझ्या," नेट्टा म्हणाली.

सर्जन गिलफिलन साहेब हसले नाहीत. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, पण घाई त्यांच्या पाचवीला पुजलेली. ते म्हणाले, "मागच्या वेळी सूज गळ्यापर्यंत उतरली होती, मिसेस मगार्वी. तेव्हा औषधांनी निभावलं. पुन्हा उतरली तर श्वास कोंडेल. दाढ काढलीच पाहिजे. आणि तुमच्या छातीची ही घरघर बघता पूर्ण भूल देणं मला धोक्याचं वाटतं. हिरडी बधिर करून, जागेपणीच काढू."

"जागेपणी," नेट्टा म्हणाली. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला.

मग डॉक्टर लेनक्सनी तिला माझी सगळी कहाणी सांगितली, पांढरं औषध, पंप, अंगठा, सगळं. नेट्टा मान हलवत होती, पण ऐकत मात्र नव्हती. तिचे डोळे भिंतीवरच्या खुंटीला लागले होते. तिथे काळ्या रबराचा मुखवटा टांगलेला होता, पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर लागणारा. "समजलं ना?" डॉक्टरांनी विचारलं. "हो हो, समजलं," नेट्टा म्हणाली. अशा माना मी वॉर्डात पोत्याने पाहिल्या होत्या.

दाढ काढायच्या दिवशी ह्यूई बाहेर बसला. नेट्टाला खुर्चीत आडवं केलं, नळी लावली, छातीवर हिरवं कापड घातलं. नर्स रोनाने मला तिच्या उजव्या मुठीत ठेवलं आणि सुटू नये म्हणून वरून पट्टी आवळली. "ही घ्या तुमची बेल, नेट्टा. काही वाटलं की दाबा. लाजायचं नाही हं."

झालं! त्या एका शब्दाने घात केला. रोनाचीही चूक नव्हती. डगीने मला आणलं तेव्हापासून इथे सगळे मला बेलच म्हणत. पण नेट्टाने उभी हयात शहरातल्या दुसऱ्या एका इस्पितळात चहाची गाडी ढकलण्यात घालवली होती, हे तिने रोनाला मघाशीच सांगितलं होतं. बेल म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. आणि घंटाबाई कोणाला म्हणतात हेही.

"अगं पोरी," ती म्हणाली, "मी बेल वाजवणाऱ्यांतली नाही. तू तुझं काम कर."

रोनाला वाटलं, बाई धीराची आहे. तिने नेट्टाचा खांदा थोपटला. मग हिरडीत सुई गेली, तोंड उघडं राहावं म्हणून दाभाडात रबराचा ठोकळा बसला, आणि नेट्टाचं बोलणं संपलं.

पुढचं आठवलं की मला आजही कोंडल्यासारखं होतं. तिने मला असं आवळलं होतं की माझा प्लास्टिकचा सांधा करकरला. चारही बोटं माझ्याभोवती, आणि अंगठा? अंगठा आत दुमडून घेतलेला, माझ्या निळ्या टोपीपासून अगदी लांब. तिची नाडी तिच्या बोटांतून माझ्यावर आपटत होती. मला सगळं कळत होतं. पण कळून करू काय? मला तोंड नाही, आणि तिच्या तोंडात ठोकळा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

"नाडी फार धावतेय," डॉक्टर लेनक्स म्हणाल्या. "नेट्टा, ठीक आहे ना?"

आणि नेट्टाने काय करावं? दुमडलेला तो अंगठा बाहेर काढला आणि ताठ वर केला. झकास म्हणून. ज्याची मी जिवाच्या आकांताने वाट बघत होते तो अंगठा निघाला, आणि माझ्या डोक्यावरून आभाळाकडे गेला. मग पुन्हा आत.

"शाबास!" गिलफिलन म्हणाले. "औषधाचा थेंबही घेतला नाही. या गावच्या बायका म्हणजे दगडाच्या."

शाबासकीने तर तिची उरलीसुरली वाटही बंद झाली. आता माघार घेतली तर दगड कसली राहणार ती? साहेबांनी हाड कोरायचं यंत्र सुरू केलं. त्याची घरघर डोक्याच्या कवटीत शिरते म्हणतात. नेट्टाच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी निघालं आणि कानांत उतरलं. पुन्हा कोणी विचारलं, पुन्हा अंगठा वर. मला रडू येत होतं, पण रडायची सोयही माझ्यात नाही.

मग तिचं डोकं हललं. जाणूनबुजून नाही, अंगच थरथरायला लागलं होतं. साहेबांनी यंत्र झटक्यात मागे घेतलं.

"असं नाही चालायचं," ते म्हणाले. "इथे शेजारी नस आहे. अशी हलली तर ओठ जन्माचा बधिर होईल. बंद करू आणि छातीचा धोका पत्करून पूर्ण भूल देऊ. दुसरा इलाज नाही."

नेट्टाची नजर खुंटीवरच्या मुखवट्याकडे गेली. तिची मूठ अशी गार पडली की जणू हात माणसाचा नव्हेच.

रोनाला राहवेना. "डॉक्टर, मी दाबू का एकदा? तिच्यासाठी?" तिने माझ्याकडे हात नेलासुद्धा.

"हात मागे घे," डॉक्टर लेनक्स कडाडल्या. "ज्याची गुंगी त्याचाच अंगठा."

नेट्टाच्या कपाळावर आठी पडली. भीतीच्या एवढ्या गदारोळातही काहीतरी तिला खटकलं होतं. ती घशातून हुं हुं करायला लागली, डाव्या हाताने ठोकळ्याकडे बोट दाखवायला लागली. साहेबांनी ठोकळा काढला.

"पोरी," नेट्टा म्हणाली. ओठ बधिर, त्यामुळे शब्द लडबडत होते. "तू कशाला बेल दाबतेस? तू तर इथेच उभी आहेस."

"कुठली बेल?" रोना म्हणाली.

"ही. नर्सला बोलवायची. माझं काही चुकलं का? मी तर एकदाही वाजवली नाही."

डॉक्टर लेनक्सनी आपल्या तोंडावरचा कपडा खाली ओढला आणि त्या नेट्टाच्या अगदी जवळ स्टुलावर येऊन बसल्या.

"नेट्टा, ही बेल नाही. हे औषधाचं बटण आहे. दाबलंत की भीती कमी होते. मघापासून तुम्ही कोरड्याच सगळं सोसताय?"

"बाई गं," रोना म्हणाली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

मला वाटलं, सुटलो आम्ही दोघी! आता दाबेल. पण नेट्टाने मूठ अजूनच आवळली. "औषध म्हणजे झोपेचं? मग नकोच ते. झोपवू नका मला."

आणि मग ती बोलली. इतकी वर्षं ह्यूईच्या थट्टेखाली झाकून ठेवलेलं बोलली. "माझं लग्न ठरलं होतं. वडिलांनी मला भेट दिली, सगळे दात काढून घ्यायची. तेव्हा द्यायचे लोक, नवऱ्याला पुढे खर्च नको म्हणून. एक दात किडका होता हो, एकच. बाकी सगळे चांगले होते. दोन बायकांनी माझे हात धरले आणि तोंडावर तो काळा रबर दाबला. मी नाही म्हणत होते, पण त्या रबरात कोणाला ऐकू जाणार? जागी झाले तर तोंडात जीभ तेवढी उरली होती, एकटी. आई म्हणाली, सुटलीस बाई. सगळे हसत होते. मग मीही हसले."

साहेब हातातलं हत्यार धरून तसेच उभे होते. त्यांची घाई कुठे गेली कोण जाणे.

"ते परत नाही होणार," डॉक्टर लेनक्स म्हणाल्या. "मी ठरवलं तरी हे औषध देऊ शकत नाही. मशीन माझं ऐकत नाही. ते फक्त या मुठीचं ऐकतं."

"आणि मी नाही दाबलं तर?"

"तर येणार नाही."

"हे साहेब दाबतील मागून."

"त्यांनी हात लावला तर हात मोडीन त्यांचा."

नेट्टा किंचित हसली. मग तिने साहेबांकडे पाहिलं. "आणि मी म्हटलं, मला आत्ता घरी जायचंय?"

साहेबांनी एकदा त्या उघड्या हिरडीकडे पाहिलं. सोडून देणं किती धोक्याचं होतं ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? "तर मी टाके घालून देतो," ते म्हणाले, "आणि तुम्ही घरी जा. मला पटणार नाही. पण कोणी तुम्हाला धरून ठेवणार नाही."

ती दाराकडे बघत राहिली. दार नुसतं लोटलेलं होतं, पलीकडून ह्यूईचं कोणाशी तरी खिमा-बटाट्यावरून चाललेलं भांडण ऐकू येत होतं. मी तिच्या मुठीत श्वास रोखून होते. जाईल असं मला वाटलं. खरं सांगते, गेली असती तरी मी तिला दोष दिला नसता.

मग अंगठा हलला. हळूहळू माझ्या अंगावरून सरकत वर आला, माझ्या टोपीवर टेकला आणि तिथे थांबला. आणि तिने मला दाबलं.

पंप बारीक आवाज करून चालला. थोड्या वेळाने तिचा खांदा खाली आला. "हे एवढंच?" ती म्हणाली. तिने अजून एकदा दाबलं. मग स्वतःहून तोंड उघडलं आणि साहेबांना डोळ्यांनी सांगितलं, चला.

यंत्र पुन्हा घरघरलं, दाढेचे दोन तुकडे झाले, ते निघाले. मधे एकदा तिची मूठ ताठरली, तेव्हा तिने दाबलं. त्यानंतर अंगठा माझ्यावर नुसता ठेवलेला होता, शेवटपर्यंत. दाबला नाही. दाबता येतो, एवढंच तिला पुरलं.

टाके झाल्यावर रोना माझी पट्टी सोडायला आली, तर नेट्टा मला सोडेना. "राहू दे गं जरा," ती म्हणाली. मग जड जिभेने तिने साहेबांना विचारलं, "दाढ कुठे आहे? मला द्या ती. तेव्हाचे मला कोणी दाखवलेसुद्धा नाहीत."

साहेबांनी ते दोन तुकडे स्वतः धुतले, कापसात गुंडाळले आणि तिच्या डाव्या हातात दिले. बाहेर ह्यूई ओरडला, "काय, काढली अक्कल?" नेट्टाने त्याला कापूस उघडून दाखवला आणि ती म्हणाली, "हा माझा दात आहे, ह्यूई. हसू नकोस." तो हसला नाही. त्याने तिचा कोट धरला आणि दोघं गेली.

पुढे तो पंप मोडीत निघाला. नवा आला तो डॉक्टरांच्या हाताने चालतो, त्यात वेळ वाचतो म्हणतात. माणसं तीच आहेत, चांगली आहेत, मी कोणाला नावं ठेवत नाही. पण माझी वायर नव्या मशीनला बसत नाही, म्हणून मी या खणात. इथून मला वरच्या खोलीतलं सगळं ऐकू येतं. यंत्राची घरघर येते, "ठीक आहे ना?" येतं. त्याचं उत्तर मात्र ऐकू येत नाही. तेवढं झालं की मला इथे फार कोंडतं.

आता तुमचा निरोप घेते. मला बाहेर काढा असं म्हणत नाही, काढून तरी काय करणार? आता मला दाबून कोणालाही काही मिळायचं नाही. पण तुमच्याही घरात, तुमच्याही गावात अशी सोसणारी माणसं असतीलच. कदाचित तुम्हीच असाल. तुमच्या हातात कोणी काही ठेवलं, तर ते कशासाठी आहे ते आधी नीट विचारून घ्या, आणि तुम्ही कोणाच्या हातात ठेवलंत तर नीट सांगा. आणि मग दाबा हो. कोणाला त्रास होत नाही.